बारा बेचाळीसचा फ्यूज

दुपारी बारा वाजून बेचाळीस मिनिटांनी हॉलमधला आवाज बंद झाला. त्या वेळी फरशीवर एकशे चार माणसं नाचत होती. पंखे चालू होते, दिवे चालू होते. बंद पडला तो फक्त आमचा साउंड. बारा त्रेपन्नला तो परत सुरू झाला तेव्हा फरशीवर चार माणसं उरली होती आणि त्यांतली दोन खुर्च्या उचलत होती.

रविवार, १५ मे २०११. सोलापूर, अक्कलकोट रोडवरचं एक मंगल कार्यालय. माझ्या वहीत त्या वेळेपुढे कारण लिहिलंय : फ्यूज उडाला. अक्षर माझं आहे.

मी तेव्हा प्रत्येक लग्नाची वही ठेवायचो. गाणं किती वाजता लावलं, लावताना फरशीवर माणसं किती, संपताना किती. मोजायला वेळ लागत नसे. आठ-आठचे घोळके धरून डोळ्यांनीच मोजायचं. सोलापुरात असं करणारा डीजे मी एकटाच होतो. सिद्धाराम त्या वहीला हजेरीपट म्हणायचा.

सिद्धाराम हत्तुरे माझा भागीदार. नववीपासून आम्ही एका बाकावरचे. घरी कानडी, गल्लीत तेलुगू, शाळेत मराठी, असं तीन भाषांत वाढलेलं पोरगं. स्पीकरच्या खोक्यांवर पिवळ्या रंगात 'अंबादास-सिद्धाराम साउंड' असं लिहिलेलं होतं. माझं नाव आधी, कारण ब्रश माझ्या हातात होता. वायरिंग, यादी आणि घड्याळ माझ्याकडे असायचं. त्याच्याकडे यादी नसायची. तो माणसांच्या पायांकडे बघून पुढचं गाणं ठरवायचा.

त्या दिवशीचं लग्न घरचं होतं. नवरी श्रावणी ही माझ्या मेहुण्याची मुलगी. मेहुणा नरसय्या गाजूल, माझ्या बायकोचा, सुजाताचा थोरला भाऊ. शहराच्या पूर्व भागातलं तेलुगू विणकर घर. आठ वर्षांपूर्वी सुजातानं माझ्याशी, म्हणजे एका मराठी साउंडवाल्याशी लग्न केलं, तेव्हापासून त्या घराचं दार आम्हाला बंद होतं. आता नरसय्याच्या श्रावणीनंच बार्शीच्या बारबोल्यांचा, मराठी घरातला मुलगा पसंत केला होता. नरसय्या पत्रिका घेऊन स्वतः आमच्या घरी आला. चहा प्यायला आणि जाताना म्हणाला, "जावईबापू, साउंड तुमचाच."

सासूबाईंचं, राजम्मांचं, मात्र तसं नव्हतं. त्या सुजाताशी बोलत नव्हत्या. आठ वर्षांत एक शब्द नाही.

मला त्या दिवशी एवढंच हवं होतं : दोन्हीकडची माणसं एकाच वेळी उठावीत, आणि ती कुणी उठवली हे गाजुलांच्या घराला कळावं.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं, म्हणून हळद आणि नाच सकाळीच. साडेदहाला सुजाता आमच्या टेबलापाशी आली. हिरवी गडवाल साडी, केसांत अबोली.

"अहो, अम्मा आलीय."

"बघितलं."

"तिसऱ्या रांगेत बसलीय. पंख्याखाली."

"बोलली?"

"मी पाया पडले. डोक्यावर हात ठेवला तिनं." मग म्हणाली, "बोलली नाही."

ती तिथंच उभी राहिली. मी केबल जोडत होतो.

"मला काय वाटतं सांगू का? अम्मासाठी एखादं…"

"फर्माइश असेल तर डब्यात टाक," मी म्हणालो.

टेबलावर आमचा स्टीलचा डबा असायचा, झाकणाला चीर पाडलेला. शेजारी कागदाचे कपटे आणि दोरीला बांधलेलं पेन. लोकांनी फर्माइश लिहून आत टाकायची. डबा एक वाजल्याशिवाय उघडायचा नाही हा माझा नियम. आधी यादी, मग फर्माइश. नाहीतर ज्याचा आवाज मोठा त्याचं गाणं लागतं.

"मीपण?" सुजातानं विचारलं.

"नियम सगळ्यांना."

सिद्धाराम हेडफोन गळ्यात अडकवून हसत होता. "वदिना, हा घरीपण डबा ठेवतो का? भाजी कुठली पाहिजे ते लिहून टाका, आठ वाजता उघडतो?"

सुजाता मोठ्यानं हसली. मग तेलुगूत त्याला काहीतरी म्हणाली, तो आणखी हसला. वदिना म्हणजे वहिनी. तो तिला पहिल्यापासून तसंच म्हणायचा. लग्नाला आठ वर्षं झाली तरी मला तेलुगू येत नव्हतं. एक-दोनदा शिकवायला बसली होती. मला गाण्यांच्या याद्या करायच्या होत्या.

अकरा वाजता मी सुरू केलं. यादी मी चार रात्री बसून केली होती. पंधरा मिनिटं हिंदी, पंधरा मराठी, पंधरा तेलुगू, परत हिंदी. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. वहीतले आकडे आजही तसेच आहेत. मराठी गाण्याला बार्शीकर उठले, चाळीस. तेलुगू लागलं तसे ते बसले आणि गाजूल मंडळी उठली, अडतीस. हिंदीला दोन्हीकडची तरुण पोरं, एकतीस. एक बाजू उठली की दुसरी बसत होती. हॉलच्या मधून एक पाऊलवाट पडली होती. तिच्या अलीकडे पैठण्या आणि पलीकडे गडवाल.

"रेशनचं दुकान उघडलंय का बे?" सिद्धाराम कानाशी म्हणाला. "तुला एवढं, तुला एवढं."

"समान वाटणी आहे."

"म्हणून तर कुणाचं पोट भरेना. अंब्या, मला वीस मिनिटं दे."

"यादीप्रमाणे चाललंय."

"यादी नाचत नसती."

मी त्याच्याकडे बघितलं नाही. पुढचं गाणं लावलं. तेहतीस.

बारा वाजून दहा मिनिटांनी नरसय्या आला. कपाळाला हळद, खांद्यावर टॉवेल.

"जावईबापू, आमची म्हातारी माणसं बसूनच आहेत हो. जरा काहीतरी करा की."

"करतो. एक वाजता फर्माइशी घेणार आहे."

"ते घ्या नंतर. आधी जेवायला चला. पहिली पंगत बसतीय."

"माझं काम चालूय."

"काम सिद्धाराम बघेल. जावई तुम्ही. तुम्ही पहिल्या पंगतीला नाही बसला तर बार्शीचे लोक काय म्हणतील?" त्यानं माझा दंडच धरला. "आठ वर्षांचं जेवण राहिलंय तुमचं."

हे मला हवंच होतं. मी हेडफोन काढून सिद्धारामच्या हातात दिला. "यादी समोर आहे. चौथ्या पानावर आहेस."

"जा बे, जेव निवांत."

जेवणाचा हॉल शेजारीच होता, मध्ये एक भिंत. मला मानानं कडेच्या पाटावर बसवलं, पानाभोवती रांगोळी. शेजारी नवऱ्या मुलाचे मामा. बारा पंचवीसला वरण-भात वाढला. भिंतीपलीकडून यादीतलंच गाणं ऐकू येत होतं. ते संपायला दीड मिनिट उरलं असताना त्याचा आवाज हळूहळू उतरला. असं कुठं लिहिलेलं नव्हतं.

मग माईकवर सिद्धारामचा आवाज. तेलुगूत. तो दोन-तीन वाक्यं बोलला. मधल्या एका वाक्यात मला माझं नाव ऐकू आलं, अंबादास. त्यावर पन्नास-साठ माणसं एकदम हसली. टाळ्या पडल्या. पंगतीत वाढणारी गाजुलांची एक मुलगी माझ्याकडे बघून तोंडावर पदर घेऊन हसली आणि लगबगीनं पुढे गेली.

"काय म्हणाला हो?" मामांनी विचारलं.

"काही नाही. चेष्टा करतो तो."

आणि मग ते सुरू झालं. बायकांचे आवाज, साध्या गल्लीतल्या बायका गातात तसे, पाठीमागे कुठंतरी कुत्रं भुंकतंय, आणि टाळ्या. संथ. असलं रेकॉर्डिंग लग्नात कुणी लावत नाही, फरशी रिकामी होते. मला क्षणभर बरं वाटलं. मग त्या टाळ्यांखाली हलगी आली. आधी लांबून, मग टाळीला टाळी भिडवून. सिद्धारामनं खालून ठेका सरकवला होता. भिंत हलायला लागली.

मामांचा हात भातातच थांबला. "कोण हो हा डीजे? नाद खुळा की!"

"माझा पार्टनर."

"तुम्ही काय करता मग?"

माझ्या पानावर जिलबी पडत होती. मी उठलो. पंगत मोडून उठू नये एवढं मला कळत होतं.

दारात उभा राहून मी बघितलं. फरशीवर रिंगण झालं होतं. गाजुलांकडच्या बायका कमरेत वाकून टाळी देत गोल फिरत होत्या. दसऱ्याच्या आधी पूर्व भागात बायका फुलांची रास मध्ये ठेवून असं बतुकम्मा खेळतात. मी ते रस्त्यावरून जाताना बघितलेलं होतं, थांबून कधी नाही. इथं मध्ये फुलं नव्हती, हळदीचा पाट होता. बार्शीच्या बायका कडेला उभ्या होत्या. त्यांतली एक जाडजूड मावशी कमरेवर हात ठेवून बघत होती.

"आगं बया, हा तर आपला हादगाच की गं!"

"हादगा कुठला, त्यांचं निराळं असतंय."

"निराळं काय त्यात? फेर धरायचा आन् फिरायचं. चल गं!" आणि तिनं सुनेला ओढत रिंगणात नेलं. मागून आणखी दहा-बारा जणी. मग एका रिंगणाची दोन रिंगणं झाली. पोरं बाहेरून तिसरं धरून हलगीवर नाचायला लागली. मधली पाऊलवाट कुठं गेली कळलं नाही.

मी मोजलं. सवयच होती. एकशे चार. माझ्या कुठल्याही वहीत शंभराच्या वरचा आकडा नव्हता.

सुजाता टेबलापाशी होती. टेबलावर ओणवी होऊन सिद्धारामला काही सांगत होती, त्याच्या कानाशी, आवाजामुळे. तो मान हलवत होता. डबा त्याच्या पुढ्यात उघडा पडला होता, एक वाजायला वीस मिनिटं असताना. तिनं डोळ्यांच्या कडा पदरानं टिपल्या, हसली आणि त्याच्या दंडावर चापट मारली. मग ती पळत रिंगणात गेली.

माझ्यासाठी तिनं कधी असं टेबलावर हात ठेवून गाणं मागितलं नव्हतं. माझ्या गाण्यावर ती कधी नाचलीही नव्हती. लग्नाला यायची, खुर्चीवर बसायची, माझ्या पाण्याची बाटली भरून ठेवायची. मला वाटायचं, तिला आवडत नसेल नाचायला.

रिंगणात तिच्यापुढे राजम्मा होत्या. तिसऱ्या रांगेतून त्या कधी उठल्या मी बघितलं नव्हतं. सत्तरीची बाई, गुडघ्यावर हात ठेवून वाकत होती. नरसय्या खांबाला टेकून आईकडे बघत होता. मग त्यानं टेबलाकडे बघून सिद्धारामला दोन्ही हात जोडले.

ते हात जोडलेले मी बघितले आणि स्टेजच्या मागं गेलो.

आमचा सगळा साउंड एका लाकडी बोर्डावरून जायचा. बोर्डावर चिनीमातीचा फ्यूज, हातानं उपसता येणारा. मी तो उपसला.

पहिल्यांदा हलगी गेली असं वाटलं, मग कळलं सगळंच गेलं. पलीकडे दोन-तीन क्षण टाळ्या चालू राहिल्या. एका म्हाताऱ्या बाईच्या आवाजात एक ओळ ऐकू आली, तेलुगूतली, आणि तिच्या पाठोपाठ सुजाताचा आवाज. मग टाळ्या विस्कटल्या, माणसं बोलायला लागली आणि कुणीतरी शिट्टी मारली.

फ्यूजमधली तार मी पक्कडीनं तोडली आणि खाली टाकली. नवी तार शोधायला म्हणून गाडीपर्यंत गेलो. तार माझ्या खिशात होती. परत आलो तेव्हा गुरुजी स्टेजवरून ओरडत होते, "नाच पुरे झाला! मुलीला न्हायला न्या, उशीर होतोय!" बायका श्रावणीला घेऊन आत चालल्या होत्या. बार्शीकर जेवणाच्या हॉलकडे वळले होते. राजम्मा परत पंख्याखाली जाऊन बसल्या होत्या. सुजाता त्यांच्यापासून दोन खुर्च्या सोडून उभी होती. बसायचं की नाही हे ठरवत असावी. मग तिला कुणीतरी आतून हाक मारली.

मी फ्यूज बसवला. बारा त्रेपन्न.

सिद्धाराम स्टेजमागं आला. "काय झालं बे?"

"फ्यूज. लोड जास्त झाला. हलगीचा बेस किती चढवला होतास?"

खाली वाकून त्यानं तुटलेली तार उचलली आणि बोटांत फिरवत उजेडाकडे धरली. लोडनं वितळलेल्या तारेच्या टोकाला काळा बारीक मणी होतो. आमच्या धंद्यात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"मणी नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे काय नाही." तार त्यानं शर्टाच्या खिशात घातली. "जिलबी खाल्ली का?"

"नाही."

"खाऊन घे."

चार वाजता आम्ही सामान आवरलं. तो खोकी गाडीत भरत होता, मी टेबल. डब्यात सतरा चिठ्ठ्या होत्या. एक बाहेर होती, मिक्सरखाली दाबून ठेवलेली. सुजाताचं अक्षर.

'अहो, गेल्या दसऱ्याला सिद्धूभावजींनी आमच्या गल्लीतल्या बतुकम्माचं रेकॉर्डिंग केलंय. त्यात ओळ सांगणारा आवाज अम्माचा आहे. एकदा लावा. तुम्ही लावलं तर अम्मा उठेल. ती ओळ सांगेल आणि मी मागून म्हणेन, लहानपणी म्हणायचे तशी. मी सांगितलं हे कुणाला कळू देऊ नका, तुम्हीच लावलं असं होऊ दे.'

मी चिठ्ठी वहीत घातली. बाहेरून सिद्धारामनं हाक मारली, "टेबल आण बे, ऊन लागलालंय!" मी टेबल घेऊन गेलो.

जुलैत तो हुबळीला गेला. तिकडं मामाचा मांडवाचा धंदा होता. भांडण झालं नाही. सामानातलं त्यानं काही मागितलं नाही, फक्त स्वतःची रेकॉर्डिंग नेली. घरी निरोप घ्यायला आला तेव्हा सुजाता म्हणाली, "भावजी, असं अचानक?" तो म्हणाला, "वदिना, याला आता माझी गरज नाही. यादी आहे की त्याची." मी खोक्यांवरचं त्याचं नाव पुसलं नाही. वर काळा रंग मारला.

श्रावणात राजम्मा गेल्या. लग्नातल्या त्या ओळीनंतर त्या सुजाताशी पुन्हा बोलल्या नव्हत्या. सुजाता दोनदा माहेरी जाऊन आली, दोन्ही वेळा त्या झोपलेल्या होत्या किंवा तसं तिला सांगण्यात आलं. तेराव्याला जेवणं झाल्यावर नरसय्या माझ्याशेजारी येऊन बसला.

"जावईबापू, एक सांगतो. तुम्ही त्या दिवशी ते गाणं लावायला लावलं नसतं तर म्हातारी उठली नसती."

"मी?"

"सिद्धारामनं माईकवर सांगितलं की. हे गाणं आमच्या अंबादासनं सासूसाठी लावायला सांगितलंय, आणि सांगून बिचारा लाजून जेवायला पळालाय. किती हसले सगळे! अम्मापण हसली." त्यानं डोळे पुसले. "नेमका फ्यूज उडाला बघा. अर्धा तास चाललं असतं तर कोण जाणे. एकदा ओळ सांगायला बसली की ती थांबत नसायची."

शेजारच्या खोलीत सुजाता भांडी आवरत होती. दार उघडं होतं.

फ्यूजचं मी त्याला सांगितलं नाही. त्यानंतर तेरा वर्षं कुणालाच नाही. पुढं मी चिठ्ठ्या लगेच वाचायला लागलो आणि वह्या ठेवायचं बंद केलं. जुन्या वह्या माळ्यावर होत्या. सुजाता लग्नांना यायची बंद झाली.

परवा, गुरुवारी संध्याकाळी सातच्या सुमाराला सुजाताच्या मोबाइलवर सिद्धारामचा फोन आला. एवढ्या वर्षांत पहिला. ती खिडकीशी उभी राहून बोलली, बावीस मिनिटं, तेलुगूत. पहिली दहा मिनिटं हसत होती. मला ती भाषा अजून येत नाही. शेवटच्या भागातले दोनच शब्द मला कळले. एक अम्मा. दुसरा फ्यूज, तो सगळ्या भाषांत तोच आहे.

फोन ठेवून ती म्हणाली, "भावजींच्या मुलीची हळद आहे. हुबळीला. रविवारी, सकाळी साडेदहाला."

"आणखी काय म्हणाला?"

"या म्हणाले."

मग तिनं स्टूल घेतलं आणि माळ्यावर चढली. मी खाली उभा होतो. ती वह्या एकेक करून बघत होती, वरची सालं वाचत होती. २०११ची वही तिनं पदरानं पुसली आणि घेऊन खोलीत गेली. चिठ्ठी त्याच पानात आहे, जिथं बारा बेचाळीसची नोंद आहे.

आज शनिवार. वही तिच्या उशाशी आहे. तिनं अजून काही विचारलेलं नाही. काल ती स्टेशनवर जाऊन हुबळीच्या गाडीचं तिकीट काढून आली. एक काढलं की दोन, ते मी विचारलेलं नाही.